डावं मागचं चाक

ठण्णकन वाटी फरशीवर पडली आणि कडेवर गरगरत राहिली. तिने मान वळवली नाही. गाडीशेजारी उभ्या केलेल्या लोखंडी घोडीला बांधलेला दोरा आत्ता कुठे ताणून बसला होता. धक्का लागला असता तर सगळं पहिल्यापासून.

"मी नाही पाडली," स्वयंपाकघराच्या दारातून लेक म्हणाली. "तीच पडली."

"बरं. आता तिला उचलून ठेव."

घर आणि गॅरेज यांच्यात तेवढं एकच दार. दाराच्या अलीकडे, गॅरेजात, लाल स्पोर्ट्स कार उभी होती आणि तिच्या दोन्ही अंगांना, चाकांच्या मध्यावर, चाकं सरळ आहेत का ते मोजायला दोन दोरे ताणलेले होते. एका टोकाची गाठ सरकू नये म्हणून तिने लेकीची केसांची क्लिप लावली होती.

रविवारच्या शर्यतीत गाडी दीर चालवणार, हे काल जेवताना ठरून गेलं होतं. तिला न विचारता. सरावात गाडी तिच्या हातून पुन्हा पुन्हा मागून निसटली होती. "निम्मं लक्ष घरात असतं हिचं," सासरे ताटात बघत म्हणाले. नवऱ्याने फोनवरूनच 'बाबा सांगतात तसं कर' म्हणून अंग काढून घेतलं. तिने भांडी जरा जोरातच घासली आणि सकाळी लेकीपुढे खाऊ ठेवून दोरा घेऊन इथे बसली.

"वहिनी, अजून चाललंय?" दीर आत आला. "गाडी काय तुमच्या बाजूने साक्ष देणारे का?"

"देईल की. तू गप्प बसलास तर ऐकूही येईल."

तिने उजव्या मागच्या चाकाला स्टीलची पट्टी लावली. रिमच्या पुढच्या कडेपासून दोरा पाच सेंटिमीटर, मागच्या कडेपासूनही पाच. मग ती डावीकडे आली. पुढे पाच. मागे मोजलं, पट्टी ओढणीला पुसली, पुन्हा मोजलं. पाच, आणि वर चार बारक्या रेघा. चाक रुसलेल्या पाहुण्यासारखं बाहेर तोंड करून उभं होतं.

"इकडे ये. उजव्या वळणावर सगळा भार कुठल्या चाकावर येतो?"

"याच्यावरच."

"आणि हे बाहेर पळायला बघतंय. म्हणून शेपूट निसटते. डाव्या वळणावर निसटली कधी?"

दीर उकिडवा बसला. "नाही," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, "पण या चाकाला सरळ धरणारा दांडा बदलला तेव्हा बाबांनीच बसवलंय ते."

"मग बाबांना बोलव."

बोलवायची गरज पडली नाही. सासरे दारात उभेच होते. गल्ली त्यांना उस्ताद म्हणायची. कॉम्प्युटरवर चाकं जुळवणाऱ्या गॅरेजवरून जाताना ते तोंड फिरवायचे. दोरा, पट्टी आणि आपण, एवढ्यावर त्यांचा जन्म गेला होता.

"माझं मोजमाप चुकलं म्हणतेस, सूनबाई?"

"चाक बाहेर आहे म्हणतेय, बाबा. मी गाडी नीटच चालवत होते. तुम्ही स्वतः बघा."

तिने पट्टी पुढे केली. ते गुडघ्यावर हात ठेवून खाली बसले, पट्टी रिमच्या मागच्या कडेला टेकवली आणि बराच वेळ बघत राहिले.

"पाच," ते ठणकावून म्हणाले. "दोन्हीकडे पाच."

पट्टी उलटी होती. आकडे फरशीकडे, वर नुसतं कोरं स्टील.

दिराने पट्टीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. काल रात्रीपासून तयार केलेलं एक चांगलं झणझणीत वाक्य तिच्या ओठांवर होतं. तिने ते गिळलं. बाकीचं मात्र गिळलं नाही.

"चाक आत्ता मी बसवतेय," ती म्हणाली. "आणि रविवारी गाडी मीच चालवणार."

"माझ्या गॅरेजात, मला न विचारता?"

"काल माझ्याबद्दल ठरवलं तेव्हा मला कुणी विचारलं होतं?"

ती पाना घेऊन गाडीखाली सरकली. नट हट्टी होता. तिने पाय फरशीला रोवून जोर लावला तेव्हा कुरकुरत सुटला. तिथून तिला फक्त उस्तादांच्या चपला दिसत होत्या, जागच्या जागी खिळलेल्या. मग त्यांच्या शेजारी दोन लहान अनवाणी पाय आले. सवयीने करावं तसं लेकीने आजोबांच्या हातातून पट्टी घेतली.

चपला जराशा मागे सरल्या.

लेक वाकली. गाडीखाली तिचा उलटा चेहरा लोंबला, तोंडाभोवती खाऊ तसाच.

"आई, हे चाक बसवलं त्या दिवशी मी आजोबांना नुसतं पाच सांगितलं. बारक्या रेघापण सांगायच्या होत्या का?"