सवलत शाबूत

घड्याळजींनी कागदांची पिशवी डाव्या हाताने टेबलावर ठेवली, खुर्ची डाव्याच हाताने मागे ओढली आणि उजवा हात खिशात तसाच ठेवून ते बसले. समोरची बाई फोनवर होती. तिने मानेनेच 'आले, आले' अशी खूण केली आणि बोलणं चालू ठेवलं.

"हो, एक तारखेपासून. सगळ्याच मोटरसायकलींचा हप्ता वाढलाय. पण तुमचं काय जातंय? पाच वर्षं क्लेम नाही, म्हणजे पन्नासच्या ऐवजी साठ टक्के सवलत. अहो, मी कशाला खोटं सांगू? मात्र एक क्लेम केलात की सगळी सवलत शून्य. पूर्वी थोडीफार उरायची, आता तेही नाही. तेव्हा जपून!"

गॅरेजला लागून असलेल्या या एका खोलीत ती सोळा वर्षं विमे विकत होती, आणि आसपासच्या चार रस्त्यांवर तिला सगळे सवलतताई म्हणत. नाव कुणी चेष्टेत पाडलं असेल, पण तिने ते लाडाने वाढवलं होतं. इतर एजंटांची गिऱ्हाइकं ऊठसूट क्लेम करत. तिची करत नसत. आरसा फुटला? नवा बसवून टाका. टाकीला पोचा पडला? रंगाऱ्याकडे जा. 'क्लेमचं नाव काढू नका' हे वाक्य ती दिवसातून चारदा तरी म्हणे, आणि वर्षअखेरीला सवलतीचा आकडा दाखवून गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरचा आनंद बघे. सर्वांत कमी क्लेम असलेली एजंट म्हणून कंपनीने तिला तीन वर्षं प्रशस्तिपत्रक दिलं होतं. तिन्ही भिंतीवर होती. तिसऱ्यासाठी जागा करायला कॅलेंडर हलवावं लागलं होतं.

तिने फोन ठेवला.

"काका, या! किती दिवसांनी! तुमचीच फाइल काढून ठेवलीय. हे बघा." तिने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. "साठ टक्के."

घड्याळजी पुढे वाकले. आकडा त्यांनी नीट निरखला, शाळेतल्या मुलाने निकाल बघावा तसा.

"म्हणजे शाबूत आहे सवलत?"

"शाबूत? वाढलीय!"

"बघा. मी हिला तेच म्हणत होतो. एवढं सगळं झालं, पण क्लेम काही केला नाही."

"एवढं सगळं म्हणजे?"

त्यांनी उजवा हात खिशातून काढून टेबलावर ठेवला. मनगट किंचित बाहेर वळलेलं होतं आणि त्यावरून कोपराकडे एक लांब व्रण गेला होता.

"गेल्या वर्षी पुलाच्या वळणावर पडलो. दोन ऑपरेशनं झाली. मधे दोनदा तुमच्या दारावरून गेलो, पण आत नाही आलो. म्हटलं, उगाच क्लेमचा विषय निघायचा आणि मला मोह व्हायचा." ते हसले.

तिलाही हसावं लागलं.

"आणि दुकान?"

"दुकान चालू आहे की. पट्टे बदलून देतो, सेल घालून देतो. घड्याळ उघडायचं काम मात्र बंद." त्यांनी अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांकडे नेलं. दोन्ही थरथरत जवळ आली आणि थांबली. मधे तांदळाच्या दाण्याएवढी फट राहिली. "एवढंच राहतं बघा. दुसऱ्या कुठल्या धंद्यात चाललं असतं. आमच्यात चिमटा पकडता आला नाही की झालंच."

तिने अपघाताची तारीख विचारली. त्यांनी सांगितली. तिने नव्या वर्षाचा विमा करून दिला, कागद छापून पिशवीत घातले, पिशवी त्यांच्या डाव्या हातात दिली. विचारायला हवं होतं ते विचारलं नाही. ते गेल्यावर तिने दार लोटून घेतलं आणि फोनमधले जुने निरोप शोधू लागली.

सापडायला वेळ लागला नाही. घड्याळजींनी फोटो पाठवला होता: खड्ड्यात आदळून वाकलेला फोर्क, पुढचं चाक धरून ठेवणारा पाइप. खाली तिचं उत्तर. 'काका, क्लेम नको, सवलत जाईल. फोर्क बाहेरून सरळ करून घ्या. चालतं.' पुढे वर केलेला अंगठा. ही गोष्ट अपघाताच्या दोन महिने आधीची.

शेजारी गॅरेजमध्ये मेकॅनिक एका गाडीची साखळी चढवत होता. ती जाऊन उभी राहिली.

"घड्याळजींची गाडी पडल्यावर तुझ्याकडेच आली होती का?"

"आली होती. त्यांचा मेव्हणा टेंपोत घालून घेऊन आला होता."

"काय झालं होतं तिला?"

त्याने साखळी सोडली आणि फडक्याला हात पुसायला घेतले. हात पुसून झाले तरी तो पुसतच राहिला.

"सरळ केलेला पाइप होता, ताई. परत तिथूनच वाकला. चालत्या गाडीत वाकला की हँडल हातात राहत नाही. मी पहिल्या वेळीच त्यांना म्हटलं होतं, बदलून टाका. ते म्हणाले, ताईंनी सरळ करायला सांगितलंय."

"मग पडल्यावर त्यांना सांगितलं नाहीस?"

"ते आलेच कुठे? ते तर हॉस्पिटलात." तो पुन्हा साखळीकडे वळला. "आणि खरं सांगू का, निम्मं गिऱ्हाईक तुमच्याकडून येतं मला. माझ्या पोटावर कशाला पाय?"

ती आपल्या खोलीत परतली.

त्या दुपारी तिने आपणच विकत असलेल्या पॉलिसीचं पुस्तक काढलं आणि गाडीमालकाच्या दुखापतीचं पान वाचलं. त्यात नवीन काही नव्हतं. परीक्षेला बसताना तिने ते पाठ केलं होतं. गाडी मोडली आणि त्याचा क्लेम केला, तर सवलत जाते. मालकालाच कायमची दुखापत झाली, तर त्याचे पैसे वेगळे. त्यांचा सवलतीशी काडीचा संबंध नाही. हा फरक गिऱ्हाइकाला समजावून सांगायला दहा मिनिटं लागत. 'क्लेमचं नाव काढू नका' म्हणायला एक क्षणही लागत नसे. माणूस शब्दाचा पक्का निघाला, त्याने खरंच नाव काढलं नाही.

अर्ज करायची मुदत एक वर्षाची होती. तिने बोटांवर मोजलं. आठ दिवस उरले होते.

आठ दिवस गप्प बसलं की पुढे बोलण्यात अर्थच उरणार नव्हता, हा विचार तिच्या मनात आला, आणि आला तो हाकलला असं तिला म्हणता आलं नसतं. तीन दिवस तो तिच्याबरोबर खुर्चीत बसून होता. ती लोकांना फोन करत राहिली, नवे दर सांगत राहिली, आणि 'साठ टक्के' म्हणायची वेळ आली की आवाज असा खाली जाई की पलीकडचा माणूस 'किती?' म्हणून पुन्हा विचारी. एकाने विचारलं, "ताई, बरं नाही का?" तिला स्वतःची लाज वाटत होती. ती लाज कुणापुढे तरी बोलून टाकावी तर ऐकायला योग्य माणूस एकच होता.

चौथ्या दिवशी तिने अर्ज छापला आणि निघाली. रस्ताभर ती घड्याळजी काय काय बोलतील आणि आपण त्यावर काय म्हणायचं, ते जुळवत होती.

घर दुकानाच्या वरच होतं. दार त्यांच्या बायकोने उघडलं. हातात वाटाण्याच्या शेंगांची परात होती.

"सवलतताई ना? या, बसा. ह्यांच्या तोंडी सदा तुमचं नाव. अहो, कोण आलंय बघा!"

घड्याळजी आतून आले आणि ती उभी राहणार तेवढ्यात 'बसा, बसा' म्हणत समोर बसले. बायको खाली बसून शेंगा सोलू लागली.

"हाताचं कळलं ना तुम्हाला?" ती म्हणाली. "भिंग लावलं की मुंगीचा पाय दिसतो ह्यांना. आणि एवढा मोठा रस्ता दिसला नाही. वर्ष होत आलं, मी विचारतेय, लक्ष कुठे होतं?"

"अगं, मान्य केलंय ना मी," घड्याळजी म्हणाले. रोजचं औषध घ्यावं तसं ते त्यांनी ऐकून घेतलं होतं.

सवलतताईने अर्ज काढून मांडीवर ठेवला.

"काका, हाताच्या दुखापतीचा क्लेम करता येतो. मी अर्ज आणलाय. चार दिवसांत द्यायला हवा."

"छे, छे. मग सवलत जाईल की."

"नाही जात."

"आता नव्या दरात तसं केलंय का?"

"पूर्वीपासूनच नव्हती जात. गाडीच्या क्लेमने जाते, हाताच्या नाही. मी तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही."

शेंगा सोलायचा आवाज थांबला.

"म्हणजे दुकान असं पडलेलं असताना," बायको सावकाश म्हणाली, "हे पैसे मिळत होते?"

"हो, काकू."

"अगं, पण मी पडलोय हे त्यांना ठाऊक तरी होतं का?" घड्याळजी घाईघाईने म्हणाले. "मीच गेलो नाही त्यांच्याकडे. शहाणपणा माझाच. ताई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आठवणीने आलात, हेच खूप आहे. आणा तो अर्ज. लिहायचं मात्र तुम्हालाच. माझं अक्षर आता मला वाचता येत नाही."

ते तिची बाजू घेत होते. हे तिने रस्त्यात जुळवलेल्या कुठल्याही संवादात नव्हतं. तिने पेन उघडलं. नाव, पत्ता, गाडीचा नंबर, तारीख, हॉस्पिटल. ते सांगत गेले, ती लिहीत गेली. मग 'अपघाताचे कारण' आलं. त्याखाली तीन रिकाम्या ओळी होत्या.

"लिहा," घड्याळजी म्हणाले. "माझं लक्ष नव्हतं."

"हे अगदी बरोबर लिहा," बायको म्हणाली.

सोपं होतं. चालवणाऱ्याची चूक लिहिली की असे अर्ज भराभर पुढे सरकतात, कुणी काही विचारत नाही. दुसरं काही लिहिलं की कंपनी मेकॅनिकला विचारणार, मग तिचा निरोप बघायला मागणार, मग तिची एजन्सी. आणि काकांचे पैसे लांबणार. हे शेवटचं कारण तिला फार आवडलं. इतकं आवडलं की त्याचाच तिला संशय आला.

"काका, पडायच्या आधी काय झालं? आठवतंय तेवढं सांगा."

"कशाला ते आता?"

"सांगा ना."

"हँडल हातात गरगरलं. मी घट्ट धरलं होतं." त्यांनी दोन्ही मुठी पुढे केल्या, उजवी पुरती मिटली नाही. "म्हणजे मला तसं वाटायचं. पण डॉक्टर तेच विचारणार, पोलीस तेच विचारणार, ही तेच विचारणार. मग म्हटलं, नसेल लक्ष. आयुष्यभर कामात कधी नजर हलली नाही, ती नेमकी तेव्हा हलली असेल. वयाचं असेल. डावा हात चालतो म्हणून चिमटा त्या हाताने धरायची सवय करावी म्हटलं, तर तेही धाडस होईना. लक्षच राहत नसेल तर लोकांची घड्याळं कशाला उघडायची?"

ती लिहू लागली. तीन ओळी पुरल्या नाहीत. चौथी समासात लिहावी लागली. लिहून झाल्यावर तिने वाचून दाखवलं, एकेक शब्द सुटा करून.

"पुढच्या चाकाचा फोर्क आधीच्या धक्क्यात वाकला होता. तो बदलणे आवश्यक होते. मेकॅनिकने तसे सांगितले होते. विमा एजंटने सवलत जाऊ नये म्हणून तो सरळ करून घेण्याचा सल्ला दिला. चालत्या गाडीत तो त्याच जागी पुन्हा वाकला आणि हँडल सुटले. चालकाची चूक नाही." ती थांबली. "एजंट म्हणजे मी. मेकॅनिककडून खात्री करून घेतलीय. चार दिवस झाले त्याला."

खालून कुणीतरी दुकानाच्या दारावर दोनदा टकटक केलं आणि निघून गेलं.

"म्हणजे माझं लक्ष होतं," घड्याळजी म्हणाले.

हे ते तिला सांगत नव्हते, बायकोला सांगत होते. बायको त्यांच्याकडे बघत राहिली. परात मांडीवर कलली होती आणि दाणे एका बाजूला घरंगळले होते, तिने ते सावरले नाहीत.

"होतं," ती म्हणाली. एवढंच. एरवी ती एका शब्दावर थांबणारी नव्हती.

सवलतताई वाट बघत बसली. आता तरी रागावतील, आता तरी काही बोलतील. त्याचीच तयारी करून ती आली होती. पण त्या दोघांना तिची आठवणच नव्हती. घड्याळजी आपला डावा हात उघडून, मिटून, पुन्हा उघडून बघत होते.

मग त्यांनी तोच हात पेनासाठी पुढे केला.

"सही या हाताची चालेल का हो?"

"चालेल," ती म्हणाली. कागद टीपॉयवर ठेवून, तो सरकू नये म्हणून तिने दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरला.