घासून आणलेली मुळे

मी एक जुनी काचपट्टी आहे, मित्रांनो. कारखान्यात मला कापले, कडा घासल्या, आणि पावणे गावातल्या एका छोट्या पीक-तपासणी प्रयोगशाळेत आणले. तेव्हापासून धुतली जाते, पुन्हा कामाला लागते.

इथे तपासणी करणाऱ्या संघमित्राताई माझ्यावर मुळाचा तंतू ठेवतात, निळा रंग देतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवतात. मग काय दिसते, सांगू? गव्हाच्या बारीक मुळात, एकेका पेशीत, बुरशीसारख्या एका जीवाचे बीजाणू, प्रसादाच्या बुंदीसारखे गोल, गच्च चिकटून बसलेले! जाड सालीचे ते जीव मातीत वर्षानुवर्षे निजतात. पाणी मिळाले की एकेकातून दोन शेपट्यांचा पोहणारा कण निघतो, मुळाच्या केसात शिरतो आणि पोटातला विषाणू तिथे उतरवतो. विषाणू माझ्यावर दिसत नाही. त्याला वाहून आणणारा दिसतो. हे पाहून कुणी "वा!" म्हटले, की कीर्तन रंगात आल्यासारखे मला वाटे.

पण गेल्या आठवड्यात नावड्याला राहणारे मारोतीभाऊ आले. गावी त्यांच्या भावाचा गहू पिवळा पडून खुजा राहिला होता. त्याच शेतात बाजरी पेरावी की नाही, एवढेच त्यांना हवे होते. पिशवीतली मुळे मात्र चकाचक!

"मारोतीभाऊ, ही धुतली कशाने?"

"ब्रशने, मॅडम. लॅबमध्ये चिखल कसा आणायचा?"

"दात घासायच्या?"

"नवा होता, मॅडम."

हरी हरी! सगळे बारीक तंतू मोरीतून वाहून गेले होते. माझ्यावर उरली जाड, कोरी मुळे. ताई तासभर शोधत राहिल्या. मी ओरडणार कशी?

मारोतीभाऊंनी भावाला फोन लावला. "सयाजी, अजून रोपं उपट. मातीसकट."

"दादा, शेत कालच नांगरलं. सोमवारी बाजरी पेरायचीय."

ताईंनी फोन घेतला. "सयाजीभाऊ, दोन किलो माती तरी पाठवा. कुंडीत भरून तिच्यात गहू उगवते आणि मुळं बघते. दीड महिना थांबा. रोग असला तर बाजरीतही शिरेल."

"दीड महिना? बघतो."

फोन बंद. अहवालात ताईंनी लिहिले, 'सांगता येत नाही.' मारोतीभाऊ तो कागद कितीतरी वेळ उलटापालटा करत होते.

मित्रांनो, तुमच्या आदराने मला रडू येते. आजारी रोप मुळांसकट, मातीसकट आणा. आमचे टेबल मळू द्या. ते पुसता येते.

आज सोमवार. सयाजीभाऊंच्या मातीसाठी खिडकीत ठेवलेली कुंडी अजून रिकामीच आहे.