न हरलेल्या संघाचा टोप

मित्रांनो, मी चामड्याचा एक जुना टोप आहे. अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये चेंडू काखेत दाबून धावतात आणि समोरचे गडी अंगावर झेपावून पाडतात. अशा वेळी डोके वाचवायचे, एवढेच माझे काम. एकदा मात्र ते माझ्याकडून झाले नाही.

१९३८ साली मिनेसोटातल्या एका छोट्या कॉलेजात मी एमिल व्राबेलच्या वाट्याला आलो. त्याचे वडील लोखंडाच्या खाणीत होते. अंगाने हा बैलासारखा, पण बोलायला लाजाळू. त्याला शाळामास्तर व्हायचे होते. कप्तान लेस्टर होग्लंड त्याच्याच खोलीत राहायचा. त्या मोसमात सात सामने होते. पहिले चार आम्ही जिंकलो, तेव्हा गावचा न्हावीसुद्धा आमच्या पोरांना रांग मोडून खुर्चीत बसवू लागला.

सामान सांभाळणारे म्हातारे ओटो दर शुक्रवारी टोप तपासायचे. पाचव्या सामन्याआधी माझ्या आतला नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा थर एका बाजूने सुटला होता.

"आण इकडे, शिवतो. उद्या दुसरा घाल," ओटो एमिलला म्हणाले.

"राहू द्या, काका. दुसरा कानावर घसरतो. आणि हा घातला की आपण जिंकतो."

मित्रांनो, मला केवढा अभिमान वाटला. सुईखाली जाण्यापेक्षा त्याच्या डोक्यावर मिरवणे मला हवे होते. त्या आनंदाची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी मैदान थंडीने दगडासारखे झाले होते. एमिल चेंडू घेऊन घुसला आणि एका गड्याचा गुडघा नेमका त्या सुटलेल्या बाजूवर बसला. मला तो थोपवता आला नाही. एमिल उठला, गुडघे झटकले आणि शांतपणे जाऊन समोरच्या संघाच्या रांगेत उभा राहिला.

प्रेक्षक हसले. लेस्टरने त्याला सदऱ्याला धरून ओढत आणले. "काय रे, सासर आहे का तिकडे? आपली रांग ही."

कडेला उभे असलेले प्रशिक्षक डनलेव्ही यांनी विचारले, "व्राबेल बरा आहे ना?"

एमिलने तोंड उघडले होते. पण आधी लेस्टरच बोलला. "बरा आहे, सर. माती गेली डोळ्यात."

तो सामना आम्ही जिंकलो. रविवारी एमिल खोलीत पुस्तक घेऊन बसला आणि थोड्या वेळाने त्याने ते मिटले.

"लेस, अक्षरं हलतायत रे."

"दोनच सामने राहिलेत. मग महिनाभर झोप, मी उठवणार नाही."

ते दोन सामने एमिल कसा खेळला, हे फक्त त्याच्या जवळच्या गड्यांना आणि मला ठाऊक आहे. त्याला कुठलीच चाल आठवत नव्हती. प्रत्येक वेळी लेस्टर त्याच्या कानाशी येऊन पुटपुटायचा, "डावीकडे. माझ्यामागून." एमिल विश्वासाने डावीकडे धावायचा आणि मार खायचा. सातही सामने आम्ही जिंकलो. गावाने मोठी मेजवानी दिली. ताटातला मांसाचा तुकडा एमिलला लेस्टरने कापून दिला, कारण त्याला सुरी नीट धरता येत नव्हती.

नाताळनंतर एमिल कॉलेजात परतला नाही. तोल जातो म्हणून खाणीतही त्याला कोणी घेतले नाही.

एप्रिलमध्ये लेस्टर मला घेऊन त्याच्या घरी गेला. आईने अक्रोडाची पोळी कापून पुढे ठेवली. एमिलने मला हातात घेतले आणि बोट आत घालून सुटलेला नमदा चाचपला.

"मोसम चांगला गेला म्हणतात. जिंकलो का आपण सगळे?" त्याने विचारले.

लेस्टरने हातातला तुकडा ताटलीत परत ठेवला. मग त्याने सगळे सांगितले. चुकीची रांग, प्रशिक्षकांना दिलेले उत्तर, कानातले पुटपुटणे. "तू बरा नव्हतास, मला कळत होतं. मला सातही हवे होते, एमिल."

एमिलच्या चेहऱ्यावर राग नव्हता. अवघड गणित घातलेल्या मुलासारखा तो दिसत होता.

"मला यातलं काहीच आठवत नाही, लेस," तो म्हणाला. "मग तुला माफ कसं करू, तेच कळत नाही."

लेस्टर परतला आणि त्याच आठवड्यात प्रशिक्षकांपुढे उभा राहून त्याने सगळे कबूल केले. डनलेव्ही खुर्चीत बसले. "मीही त्याला विचारलं नाही," ते म्हणाले. "तुला विचारलं. तेच उत्तर मला हवं होतं."

मी एमिलकडेच राहिलो; हे लेस्टरच्या पत्रातून कळले. त्याच्या आईने मला दोनदा शिवले. आता त्या शिवणीचा कोणाला उपयोग नाही. मित्रांनो, खेळताना तुमच्यातले कोणी पडले आणि मोठ्यांनी विचारले, तर त्याच्या वतीने तुम्ही उत्तर देऊ नका. थांबा, त्याला बोलू द्या. तो बरा आहे म्हणाला, तरी त्याच्या डोळ्यांत बघून पुन्हा एकदा विचारा.