वीतभर चुकलेला हात

आमची गाडी रस्त्यावरचे दिवे बदलायची. मागे लांब लोखंडी हात आणि हाताच्या टोकाला दोन माणसं जेमतेम मावतील अशी बादली. दहा वर्षं मी ती चालवतोय. पण गेले बारा दिवस दिव्यांना सुट्टी होती, कारण माझी ताई त्या बादलीत उभी राहून तरणतलावाच्या चार मजली भिंतीवर चित्र काढत होती. चित्र उंचावरून पाण्यात सूर मारणाऱ्या चॅम्पियन बाईंचं. आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवलेल्या ताईची ही पहिलीच भिंत, त्यामुळे बारा दिवस तिचे पाय जमिनीवर नव्हते, आणि खरोखरच नव्हते. तलाववाल्यांची अट एकच होती. बाईंनी मंजुरीच्या कागदावर सही केली तर चित्र राहणार, नाहीतर बाराव्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता भिंतीवर पांढरा रंग.

बाई त्या दिवशी तीन वाजता आल्या आणि रस्त्यापलीकडून बघत म्हणाल्या, "कोपर वाकलंय. अशी पाण्यात शिरले तर मनगट मोडेल माझं. मी सही नाही करणार."

ताईचा चेहरा एवढासा झाला. मी खाली जमिनीकडे पाहिलं आणि कळलं, घोळ माझा होता. बादलीतून अख्खं चित्र दिसत नाही, नाक भिंतीला टेकलेलं असतं. म्हणून रोज गाडी कुठे लावायची त्याच्या खडूच्या खुणा आम्ही जमिनीवर केल्या होत्या. चाक खुणेच्या अलीकडे लावायचं. नवव्या दिवशी मी ते पलीकडे लावलं, आणि चित्रातला कोपरापुढचा सगळा हात वीतभर सरकला. आम्हाला दोघांनाही ते जाणवलं नव्हतं, पण हात ज्यांचा त्यांना जाणवणारच.

"वर येऊन दाखवता का, नेमकं किती वाकलंय?" मी विचारलं.

बाई ऐटीत माझ्यासोबत बादलीत चढल्या आणि मी बादलीतला खटका दाबला. पहिल्या मजल्यापाशी त्या मटकन खाली बसल्या आणि त्यांनी माझा गुडघा घट्ट धरला.

"थांबवा."

"मॅडम, तुम्ही तर दहा मीटरवरून उडी मारता."

"ते फळकूट असं डुलत नाही. आणि खाली पाणी असतं."

आधी सही करा, मग खाली नेतो, हे वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. खोटं कशाला सांगू? पण खाली ताई दोन्ही हात जोडून उभी होती, आणि मला माझीच लाज वाटली. चाक मीच खुणेच्या पलीकडे लावलं होतं, हे मी खरं सांगून टाकलं.

बाई बसल्या बसल्या हसायला लागल्या. बादली हलली तशा गप्प झाल्या.

"खडू आहे?"

"आहे."

"मग चला वर. मी फक्त भिंतीकडे बघते, खाली तुम्ही बघा."

वर गेल्यावर त्या उठल्या आणि मी बादली सरकवत असताना त्यांनी खांद्यापासून बोटांपर्यंत एका दमात रेघ ओढली. स्वतःचा हात समोर आल्यावर भीती कुठल्या कुठे पळाली होती. उतरताना तर मला म्हणाल्या, "जरा जोरात न्या की. हळूहळू खाली यायची सवय नाही मला."

मग ताई वर गेली आणि दीड तास तिने मान वळवली नाही. पाचला दहा कमी असताना बाई पुन्हा रस्त्यापलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. ताईने माझी बाही इतकी ओढली की शिवण उसवली. बाईंनी स्वतःचा हात डोक्यावर ताठ धरला, भिंतीशी ताडून पाहिला आणि सही केली.

कागद ताईला देत त्या म्हणाल्या, "तुमच्या भावाला रागावू नका हं."

"का? त्याने काय केलं?"

बाईंनी सांगेपर्यंत मी बादलीत चढून तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचलो होतो.

"खाली ये," ताई म्हणाली.

"आधी मारणार नाहीस म्हण."

ती सरळ गाडीपाशी गेली. बादली खालच्या खटक्यांनीही उतरवता येते, हे बारा दिवसांत ती शिकली होती. बादली निघाली, अगदी हळूहळू. खाली माझी ताई एका हाताने खटका दाबत होती आणि दुसऱ्या रंगाने माखलेल्या हाताने डोळे पुसत होती. ती इतकी हसत होती की मी घाबरायचंच विसरलो.