पंचमीला काही चिरायचं नसतं

प्लॅस्टिकच्या त्या गुलाबी गर्भपिशवीला डाव्या अंगाला चिकटपट्टी लावलेली — कुणाच्या तरी हातून पडली असेल, तडकली असेल, टाकून द्यायचं जिवावर आलं असेल. डॉक्टरीणबाई त्याच पिशवीत पेनाचं टोक घालून समजावत होत्या आणि क्रांतीचं सगळं लक्ष त्या पट्टीवर. आपल्यालाही आहे तसलीच एक शिवण... धाकट्याच्या सिझेरियनच्या वेळची, अजून वर्षाचीही नाही. भरायला वेळ द्या, बाईंनी बजावलं होतं. पण फौजेतली सुट्टी काही शिवणीला विचारून मिळत नाही, आणि नवरा, उदयसिंह, आला, राहिला, गेला.

"पाडायच्या गोळ्यांनी बऱ्याच जणींचं पूर्ण पडून जातं," बाई म्हणाल्या. "तुमचं थोडं आत राहिलंय. म्हणून अंगावरून जायचं थांबत नाही, म्हणून हा ताप. आता भूल देऊन नळीने ओढून घ्यावं लागेल."

"खरवडणार?"

"पूर्वी खरवडायचे. त्यात पिशवीला इजा जास्त. नळीनेही क्वचित होते, खोटं सांगत नाही. तुमची शिवण ताजी आहे, तर सोनोग्राफीत बघत बघत करीन. पण थांबण्यात धोका त्याहून मोठा. जंतू रक्तात गेले, तर प्रश्न पिशवीचा राहत नाही."

"आज नगं," शेजारच्या खुर्चीतून सासू, सुलाबाई, म्हणाल्या. "पंचमी हाय. आमच्यात आज इळीला हात लावत न्हाईत. उद्या फाटंच आणती की हिला."

"अहो मावशी, यात चिरायचं काहीच नाही."

"आतनं वडून काढायचं, आनि चिरायचं न्हाई म्हनं! लय शिकलाय तुमी."

आत्तींचं, म्हणजे सासूचं, गणित क्रांतीला तोंडपाठ होतं. नागपंचमीला घरात तवा नाही, विळी नाही, पुरणाची दिंडं उकडायची. पण दुपारी नातवंडांसाठी गाड्यावरची भजी येतात, आणि त्यातला कांदा चिरल्याचं पाप गाडेवाल्याच्या नावावर पडतं. भाजी हातानं मोडायची — मोडली म्हणजे चिरली नाही. गोळ्यासुद्धा सुलाबाईंनीच भाच्याच्या मेडिकलमधून आणल्या होत्या, ना तपासणी, ना चिठ्ठी. गोळी म्हणजे देवाची मर्जी, आपसूक झालं असं भावकीत सांगायला मोकळं... नळी म्हणजे माणसाचा हात. उदयसिंह फोनवर म्हणाला, आई म्हणंल तसं कर. त्याचे हात स्वच्छ. आणि क्रांतीचे? तिनंही पाण्याचा तांब्या तोंडाला लावताना मनात म्हणून घेतलंच होतं — आत्तींनी दिल्या, मी गिळल्या. तीही काही कमी नव्हती.

बाहेर ढोल वाजायला लागले. तिच्या दातांवर दात वाजत होते, आणि खोलीत पंखा तर बंद होता.

"मी रिक्षा बगती," सुलाबाई उठल्या. "मिरवनूक आली की वाट गावायची न्हाई. ऊठ गं."

दार लागलं. बाईंनी पिशवी जरा बाजूला सारून संमतीचा कागद पुढे ठेवला. "सही तुमचीच लागते," त्या हळू म्हणाल्या. "नवऱ्याची नको, सासूची नको. सज्ञान आहात तुम्ही."

मघाचं इजा, जंतू, रक्त, एवढं ऐकून वाटली नव्हती ती भीती तिला आता वाटली. म्हणजे उद्या काही बिघडलं तर नाव घ्यायला दुसरं कुणी नाही... आणि आज घरी गेले, रात्रीत ताप चढला, तर? तेव्हाही सगळे म्हणतील, पंचमी होती. धाकटा छाती शोधत रडेल तेव्हा त्यालाही हेच सांगतील — पंचमी होती.

चिकटपट्टीचं एक टोक सुटलं होतं. तिनं अंगठ्यानं ते दाबलं. अंगठा उचलला की पुन्हा वर येत होतं. दरवर्षी पंचमीला ती सगळी भाजी मोडायला बसायचं कोण? हात कुणाचे असायचे?

"क्रांते! आगं रिक्षा थांबत न्हाई!"

ऐकू आलं मला. पण अंगठा पट्टीवरून काढवेना... माझेच. हात माझेच असायचे.