गंगाराम मुकादमाचा कान

राजापूरच्या रस्त्यालगतच्या खाणीत गंगाराम मुकादमाच्या कानाला मोठा मान होता. सुरुंग उडाला की तो सगळ्यांआधी कड्याखाली जायचा आणि हातोडीने दगड ठोकायचा. खणखणीत वाजला तर कडा पक्का आणि खडीही चांगली. बद्द वाजला तर आत भेग. मग तो भाग पहारीने पाडल्याशिवाय खाली खडी वाहणाऱ्या बाया सोडायच्या नाहीत. फोडलेली खडी तपासायला ओव्हरसियर साहेबाकडे दोन इंची लोखंडी कडं होतं. त्यातून न जाणारा दगड तो परत फोडायला लावी. पण उभ्या कड्याला कडं लावून काय कळणार, कपाळ? तिथे गंगारामाचाच कान.

आणि तो कान दोन वर्षांपूर्वीच गेला होता. वीस वर्षं सुरुंगाशेजारी काढल्यावर दुसरं काय होणार! हे ठाऊक होतं एकट्या राहीला, त्याच्या बायकोला. मुकादमकी गेली तर नवऱ्याला घण मारावा लागेल आणि त्याच्या छातीत आता तेवढा दम नाही, हे ओळखून युक्ती तिनेच काढली होती. तो ठोकायचा तेव्हा ती टोपली घेऊन चार हातांवर उभी राहायची. दगड खणखणला की मान हलवायची, बद्द वाजला की पदर ओढून घ्यायची. दोन वर्षांत एकदाही चूक झाली नाही. लबाडीसुद्धा इतक्या नेकीने करणारी माणसं विरळाच.

एकतीस सालच्या चैत्रात राही हिवतापाने आडवी झाली. त्याचा हात धरून, ओठ मोठे हलवत ती म्हणाली, "आज कड्याखाली कुणाला सोडू नका. सायबाला सांगा, कान दुखतो म्हणून."

गंगारामाने मान डोलावली आणि तो खाणीवर गेला. तिथे साहेब पावसाळ्याआधी रस्ता संपवायच्या घाईत होता. त्याचा लालबुंद चेहरा आणि हलणारे हात गंगारामाला दिसत होते. बाया टोपल्या घेऊन ताटकळत होत्या. त्यांत त्याची सासू सोनूबाई होती आणि मेव्हणी काशीही. सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. एक दिवस काम अडलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं? पण चारचौघांतला मान फार वाईट. त्याने कडा ठोकला. हाताला चांगला दणका बसला, म्हणजे दगड खणखणलाच असणार, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

"पक्का हाय! या गो बायांनो!"

तो जरा बाजूला होऊन तंबाखू मळत होता, तेवढ्यात पायाखालची जमीन हादरली. वळून पाहिलं तर धूळच धूळ, आणि सगळ्या बायांची तोंडं उघडी. काशी कुठेच दिसेना.

काशीला बाहेर काढायला चार तास लागले. चौकशीत सगळ्यांनी एकच सांगितलं. सोनूबाई तर डोळे पुसत म्हणाली, "माझ्या जावयाचा कान चुकायचा नाय, सायब. पोरीची वेळच भरली हुती." साहेबाने तेच लिहून घेतलं.

तिसऱ्या दिवशी काम सुरू झालं. राही अंगात ताप घेऊन आली आणि आपल्या जागी उभी राहिली. गंगारामाने दगड ठोकला, तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली नाही, पदरही ओढला नाही. त्याने पुन्हा ठोकला. ती नुसती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मागच्या बाया टोपल्या उचलून पुढे सरकल्या.

"थांबा!" तो हात पसरून किंचाळला. "मला आयकू येत नाय! दोन वर्सं झाली, कायसुद्धा आयकू येत नाय!"

सोनूबाई त्याच्या अंगावर धावून येईल असं त्याला वाटलं; यावी असंच वाटलं. पण ती राहीपुढे जाऊन उभी राहिली आणि त्याच्या कानाकडे बोट करून तिने काहीतरी विचारलं. राहीचे ओठ एकदाच हलले. "होय." एवढं त्याला दुरूनही कळलं.

सोनूबाईने खाली वाकून टोपली उचलली, उरलेल्या एकुलत्या लेकीकडे पाठ फिरवली आणि ती गावाच्या वाटेला लागली.