कुऱ्हाडीपुढचा जामीन

कुवा गावच्या त्या गल्लीत दोन जावांची अंगणं एका मातीच्या भिंतीने वेगळी केलेली होती. भिंत छातीइतकीच उंच, आणि सगळा घोटाळा तिथेच होता. थोरली ख़ोसियत तंदुरात नान लावतानाही एक डोळा भिंतीपलीकडे ठेवी. धाकट्या सओदतचं काही बरं झालं की हिच्या पोटात दुखे. हे तिला स्वतःलाही ठाऊक होतं, पण ठाऊक असल्याने दुखणं थोडंच थांबतं?

ख़ोसियतच्या अंगणात तीस वर्षांचं डाळिंब होतं. हिवाळ्याआधी फांद्या वाकवून, बांधून मातीत गाडायच्या आणि मार्चमधला नवरोज उलटल्यावर उकरून काढायच्या, अशी तिथली रीत. यंदा सओदत सहज बोलून गेली, "मी माझं डाळिंब नवरोजलाच काढीन म्हणते." झालं. पहिलं पान जिच्या अंगणात दिसेल तिचं कौतुक सासूबाई गल्लीभर करत, म्हणून ख़ोसियतने दहा दिवस आधीच कुदळ उचलली. सओदतची नेमकी कंबर धरली आणि तिचं झाड मातीतच राहिलं. मार्च सरताना एका पहाटे असा गारठा पडला की हौदातलं पाणी दगडासारखं झालं. ख़ोसियतचं झाड काळं पडलं. काहीच न करणारीचं वाचलं, हे तिला गारठ्यापेक्षा जास्त झोंबलं.

सासूबाई ख़ालबीबी काठी टेकत आल्या, झाडाभोवती फिरल्या. "तुती पिकेपर्यंत वाट बघते. नाहीच फुटलं तर मुळासकट काढायचं आणि सओदतच्या झाडाची काडी इथे लावायची."

"तिची डाळिंबं आंबट आहेत, ओयी," ख़ोसियत सासूला म्हणाली.

"मेलेल्या गोडापेक्षा जितं आंबट बरं."

तिची काडी, माझ्या खड्ड्यात. तो घास ख़ोसियतच्या घशाखाली उतरेना.

काय करायचं ते तिला चांगलं येत होतं. करवतीला तिने हात लावला नाही, कारण गारठ्याने मारलेलं झाड आधी मेल्याचं सोंग घेतं. खोडाला उन्हाचा चटका लागू नये म्हणून पोती गुंडाळली. पाणी बेताचं दिलं, शेणखत मुळीच नाही. आजाऱ्याला कुणी पुलाव भरवत नाही. रोज सकाळी ती नखाने साल खरवडून बघे. आत हिरवं असेल तर जीव आहे. आत तपकिरीच निघे, आणि रोज बोटभर आणखी खाली. भिंतीपलीकडे सओदतच्या झाडाला लालसर पालवी आली होती. ती बघून ख़ोसियतने तिकडे पाठ करून भांडी घासायला सुरुवात केली.

तुती काळ्या पडू लागल्या तशा सासूबाई कुऱ्हाड घेऊन आल्या. तिथल्या चालीप्रमाणे तोडण्याआधी झाडाला दम द्यायचा असतो, म्हणजे ते भिऊन फुटतं, आणि कुणीतरी मध्ये पडून जामीन राहायचं असतं. मालकिणीला मात्र स्वतःच्या झाडाला जामीन राहता येत नाही.

"तोडते मी ह्याला," सासूबाईंनी कुऱ्हाड खोडाला टेकवली. "आहे कुणी जामीन?"

अंगणात तिघीच होत्या. सओदत डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाशी चाळा करत उभी राहिली, मग म्हणाली, "तोडू नका, ओयी. मी जामीन. फुटेल ते."

सासूबाई कुऱ्हाड घेऊन परतल्या. ख़ोसियतने जावेकडे बघितलंसुद्धा नाही.

चौथ्या दिवशी सकाळी खोडाच्या बुडाशी मातीतून एक लाल कोंब वर आला होता, करंगळीएवढा. ख़ोसियत त्याच्याशी उकिडवी बसली. डोळे भरून आले, आणि त्याच भरल्या डोळ्यांपुढे गल्ली उभी राहिली: सओदतच्या शब्दाने झाड जगलं हो. बोटं आपोआप पुढे गेली. कोंब कट्‌कन तुटला. क्षणभर फार बरं वाटलं, मग तिने तो मुठीत लपवला.

"ओपा, फुटलं का काही?" सओदत भिंतीवर कोपरं टेकून थोरलीला विचारत होती.

"तुला काय त्याचं?"

"मला त्याची काडी हवीय. जामीन राहिले ती काय तुझ्या प्रेमाने? पंधरा वर्षं इथून तुझी डाळिंबं बघत जळतेय मी. माझं मेलं नुसतं चटणीच्या कामाचं. उद्या तुझं गेलं आणि तिथे माझं आंबट लागलं, तर जन्मभर तुझे टोमणे कुणी ऐकायचे?"

आपल्यावरही कुणी जळत असेल, हे ख़ोसियतच्या कधी मनात आलं नव्हतं. तिने मूठ उघडली.

सओदतने कोंबाकडे बघितलं, मग तिच्याकडे. "तू मोडलास?"

"मीच."

"कमाल आहे तुझी. मी तर नुसती जळत होते." ती भिंत चढून आली, शेजारी बसली आणि बोटांनी माती उकरू लागली. "एक आला म्हणजे मूळ जितं आहे. पोती खाली ओढ, ऊन लागतंय."

महिन्याभरात पाच कोंब आले. एक मुळासकट काढून द्यायचा होता. ख़ोसियतचा हात दोनदा वाकड्या कोंबाकडे गेला. तिसऱ्यांदा तिने डोळे मिटले, सगळ्यांत सरळ होता तो उपटला आणि भिंतीवरून पलीकडे दिला. दिवसभर त्याची हळहळ तिला पुरली.